स्वस्त, छोट्या कॅलिबरची खिशातली पिस्तुलं कितपत भरवशाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला कधी ना कधी हा विषय भेटतोच. शेजाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, दुकानातल्या जुन्या मालाच्या कपाटात, किंवा सासरच्या आजोबांच्या सामानात एखादं तळहातावर मावेल असं पिस्तूल निघतं आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते: अशा पिस्तुलाबाबत ‘हवं तेव्हा उडेल का?’ यापेक्षा ‘नको तेव्हा उडणार नाही ना?’ हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे. लोक पहिला विचारतात आणि दुसरा विसरतात.

नेमकी कोणती पिस्तुलं म्हणायची ही?

मुख्यतः १९७० ते २००० या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात बनलेली. रेव्हन एमपी-२५, जेनिंग्ज जे-२२, डेव्हिस पी-३२, लॉर्सिन एल-३८०, ब्रायको मॉडेल ३८ आणि त्यांची भावंडं. कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप) .२२, .२५, .३२ किंवा .३८०. रेव्हन .२५ चं वजन साधारण सव्वाचारशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) सहा गोळ्या, आणि नव्याची किंमत त्या काळी शंभर डॉलरच्या आत. लाखोंच्या संख्येने ती विकली गेली. कंपन्या बुडाल्या, पण पिस्तुलं अजून फिरत आहेत. म्हणूनच हे प्रश्न संपत नाहीत.

एवढी सगळी एकाच भागात का बनली?

कायद्यामुळे. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या .२२ च्या स्वस्त रिव्हॉल्व्हरने झाली आणि त्याच वर्षी ‘गन कंट्रोल ॲक्ट’ मंजूर झाला. परदेशातून येणाऱ्या हँडगनला (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला) आता ‘क्रीडेसाठी योग्य’ ठरणं भाग होतं. त्यासाठी सरकारने गुणांची पद्धत आणली. पिस्तुलाला ७५ गुण हवेत, लांबी किमान ६ इंच, उंची किमान ४ इंच. .२५ कॅलिबरला शून्य गुण, .२२ एलआर (लाँग रायफल) ते .३८० ला तीन, आणि ९ मिमी किंवा त्याहून मोठ्याला दहा. खिशातलं पिस्तूल या परीक्षेत नापास होणार हे उघड होतं. जर्मनीच्या वाल्थरलासुद्धा आपलं पीपीके तसंच पाठवता येईना. त्यांनी थोड्या उंच फ्रेमवर (मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर) तीच स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) बसवून ‘पीपीके/एस’ काढलं.

पण ही अट फक्त आयातीला होती. अमेरिकेतच बनवलेल्या पिस्तुलाला ना गुण, ना मोजमाप. आयात बंद झाली तरी गिऱ्हाईक होतंच. ती पोकळी जॉर्ज जेनिंग्ज यांनी हेरली आणि १९७० च्या सुमारास रेव्हन आर्म्स उभी राहिली. पुढे त्यांचे नातेवाईक आणि ओळखीचे लोक याच धंद्यात उतरले. १९९४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॉ. गॅरेन विंटेम्यूट यांनी लॉस एंजेलिसच्या आसपासच्या या कंपन्यांचा अभ्यास मांडला आणि त्यांना ‘रिंग ऑफ फायर’ हे नाव दिलं. ते आजही टिकून आहे.

सुरक्षेचा निकष परदेशी मालाला लावायचा आणि घरच्या मालाला मोकळं सोडायचं, या एका निर्णयाची किंमत पुढची तीस वर्षं सामान्य माणसांनी मोजली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

इतकी स्वस्त कशी परवडायची?

फ्रेम आणि स्लाइड पोलादातून कोरून काढण्याऐवजी ‘झामॅक’मध्ये ओतलेली असायची. झामॅक म्हणजे जस्त, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं तांबं-मॅग्नेशियम. डाय कास्टिंगने (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून) याचे भाग भराभर निघतात. गाड्यांचे कार्बोरेटर आणि दाराच्या मुठी याच धातूच्या असतात. नळी मात्र पोलादी असते, ती झामॅकच्या फ्रेममध्ये बसवलेली असते.

भागांची संख्याही कमी. रेव्हन आणि जेनिंग्जमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी कांडी) दोन कामं करते: गोळी उडवते आणि स्लाइड मागे गेली की रिकामं टरफल बाहेर ढकलते. एक भाग वाचला. पण ती पिन वाकली किंवा झिजली की दोन्ही कामं एकदम बिघडतात.

झामॅकचं पिस्तूल हातात फुटतं का?

सहसा नाही. .२५ किंवा .२२ च्या दाबाला ते पुरतं. झामॅकचा खरा दोष म्हणजे झीज. स्लाइडच्या खाचा रुंदावतात, सेफ्टीचा खटका जिथे अडकतो ती कड गोल होते, ट्रिगरने धरून ठेवायचा भाग गुळगुळीत होतो. शेकडो गोळ्यांनंतर पिस्तूल ‘सैल’ होतं. .३८० मध्ये हा त्रास लवकर दिसतो, कारण धक्का बराच मोठा आणि धातू तोच.

हा धातू चारशे अंश सेल्सियसच्याही आत वितळतो. त्यावरून इलिनॉय, साउथ कॅरोलायना, मिनेसोटा, हवाई अशा काही राज्यांनी वितळणबिंदूवर बोट ठेवून अशा पिस्तुलांच्या विक्रीवर बंधनं घातली.

तरीही धातूला सरसकट दोष देऊ नये. ओहायोची हाय-पॉइंट कंपनी ९ मिमीच्या पिस्तुलाची स्लाइड झामॅकचीच करते. ते दिसायला बोजड आहे, वजन आठशे ग्रॅमच्या पुढे, पण बहुतेकांचं व्यवस्थित चालतं. धातू कमकुवत आहे हे मान्य करून तो भरपूर वापरला की काम होतं. खिशात मावायच्या अटीत ती सोय नसते.

छोटी पिस्तुलं इतकी का अडकतात?

आधी ती चालतात कशी ते पाहू. यातली जवळजवळ सगळी ‘ब्लोबॅक’ पद्धतीची. नळी आणि स्लाइड एकमेकांत कुलूपबंद नसतात. गोळी पुढे जाते तेव्हा टरफल मागे रेटतं, आणि स्लाइडचं वजन व स्प्रिंगचा जोर एवढंच त्याला आवरतं. स्लाइड मागे जाते, टरफल फेकते, परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून नळीत सारते. हे सगळं निमिषात होतं, आणि छोट्या पिस्तुलात स्लाइडचा प्रवास इतका तोकडा असतो की चुकायला जागाच उरत नाही. मोठ्या पिस्तुलाला जरा मळलेलं, जरा कमजोर काडतूस खपून जातं. इथे नाही.

दुसरी गोष्ट मॅगझिन. पातळ पत्र्याचे ओठ थोडे जरी वाकले तरी काडतुसाचं नाक चुकीच्या कोनात वर येतं. स्वस्त पिस्तूल अडकतंय अशी तक्रार आली तर मी आधी मॅगझिन बदलून बघायला सांगते, कारण बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.

तिसरी, धरण्याची पद्धत. तळहाताएवढं पिस्तूल सैल मनगटाने धरलं की फ्रेमही मागे सरकते, मग स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि टरफल अर्ध्यात चिमटलं जातं. नवख्या माणसाच्या हातात अडकणारं पिस्तूल सरावलेल्याच्या हातात नीट चालतं ते यामुळे.

चौथी, खिसा. सुती कापडाचा भुगा, घाम, सुटी नाणी. खिशातून महिनोन्‌महिने फिरलेल्या पिस्तुलाच्या नळीत डोकावून पाहिलं की आत काय काय साचतं ते कळतं. (रिकामं करून, स्लाइड उघडून. हे दर वेळी सांगायला हवं, म्हणून सांगते.)

.२२ घ्यावं की .२५?

फक्त भरवशाचा विचार केला तर .२५.

.२२ एलआर १८८७ पासून आहे, स्वस्त आहे, सरावाला त्याच्यासारखं काही नाही. पण ते ‘रिमफायर’ आहे. ठिणगी पाडणारं रसायन टरफलाच्या काठाच्या घडीत पसरलेलं असतं, आणि ते सगळीकडे सारखं बसलं नसेल तर पिन नेमकी रिकाम्या जागी पडते. काडतूस फुसकं निघतं. तेच फिरवून परत लावलं तर बऱ्याचदा उडतं. शिवाय उघड्या शिशाच्या, मेणचट गोळ्या नळी आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) घाण करतात, आणि टरफलाचा बाहेर आलेला काठ मॅगझिनमध्ये एकमेकांत अडकतो.

.२५ एसीपी जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम खिशातल्या पिस्तुलासाठीच आखलं. बेल्जियमच्या एफएनने ते १९०५ च्या छोट्या पिस्तुलातून आणलं. ठिणगीचं रसायन मध्यभागी वेगळ्या टोपीत, गोळीवर तांब्याचं कवच, काठ जवळजवळ नाही. दोन इंची नळीतून दोघांची ताकद फारशी वेगळी राहत नाही, पण .२५ जास्त वेळा उडतं. महाग मात्र आहे, त्यामुळे लोक सराव करत नाहीत, आणि सरावच नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य.

आणि .३२, .३८०?

दोन्ही मध्यभागी ठिणगीची, त्यामुळे फुसकी कमी. .३२ ला थोडा काठ असतो. लांबीला आखूड अशा पोकळ टोकाच्या गोळ्या भरल्या तर वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे अडकतो आणि मॅगझिन ठप्प होतं. .३२ मध्ये पूर्ण लांबीच्या गोल नाकाच्या गोळ्या वापरा, हा साधा उपाय आहे.

भरवसा मोजायचा कसा? दोन मॅगझिन नीट चालली तर पुरे ना?

अजिबात नाही. जरा आकडेमोड करू. समजा पिस्तूल शंभरात एकदा अडकतं. ऐकायला ठीक वाटतं. पण सात गोळ्यांचं मॅगझिन न अडकता रिकामं होण्याची शक्यता ९३ टक्के, म्हणजे साधारण पंधरा मॅगझिनमागे एक अडकणार. आणि ‘२०० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही’ असं कोणी सांगितलं, तरी संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा दोषदर दीड टक्क्यापर्यंत असू शकतो. दोन मॅगझिनने काहीच सिद्ध होत नाही.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००१ पासून राज्यात नवीन विकायच्या हँडगनला चाचणी लावली. एका मॉडेलची तीन पिस्तुलं, प्रत्येकातून ६०० गोळ्या. पहिल्या वीस गोळ्यांत एकही अडथळा नको, आणि पूर्ण ६०० मध्ये सहापेक्षा जास्त नकोत. मधे थंड करायला आणि पुसायला थांबता येतं. म्हणजे उत्तीर्ण व्हायला एक टक्का दोष चालतो. ही काही फार कडक परीक्षा नाही. तरीही या पिस्तुलांच्या धंद्याला त्या राज्यात घरघर लागली ती याच सुमारास.

घरच्यासाठी माझा आग्रह इतकाच: जी काडतुसं खरोखर वापरणार, त्याच छापाच्या किमान २०० गोळ्या शूटिंग रेंजवर झाडा आणि प्रत्येक अडथळा वहीत लिहा. कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, काय झालं. लिहिलं की कारण सापडतं.

हातातून पडलं तर उडेल का?

यातली अनेक जुनी पिस्तुलं उडू शकतात. हे नीट समजून घ्या.

आधुनिक पिस्तुलात फायरिंग पिनच्या वाटेत एक अडसर असतो. ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय तो हटत नाही. रेव्हन, जेनिंग्जसारख्यांत तो नाही. ताणलेल्या स्प्रिंगवर पिन तयार बसलेली असते, आणि तिला एक छोटी, झिजू शकणारी कड रोखून धरते. सेफ्टीचा खटका बहुधा ट्रिगरला अडवतो, पिनला नाही. पिस्तूल फरशीवर आपटलं की ती कड सुटू शकते. कॅलिफोर्नियाच्या त्याच कायद्यात एक मीटरहून किंचित जास्त उंचीवरून काँक्रीटवर वेगवेगळ्या बाजूंनी पाडून बघण्याची चाचणी आहे, ती याच भीतीपोटी.

चांगल्या कंपनीचंही चुकतं. रुगरने २००८ मध्ये एलसीपी हे .३८० चं छोटं पिस्तूल आणलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पडल्यावर उडू शकतं म्हणून, सुरुवातीची पिस्तुलं परत मागवून फुकट दुरुस्त करून दिली. जुनं एलसीपी घेणार असाल आणि क्रमांक ३७० ने सुरू होत असेल तर ती दुरुस्ती झाली आहे का ते विचारा.

ब्रायको ३८ चं प्रकरण काय होतं?

या सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे, म्हणून सविस्तर.

एप्रिल १९९४. उत्तर कॅलिफोर्नियातलं विलिट्स गाव. घरात सात वर्षांचा मुलगा, आणि कुटुंबाच्या ओळखीचा एक तरुण घरातलं .३८० चं ब्रायको पिस्तूल रिकामं करत होता. या मॉडेलमध्ये सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे ओढता येत नसे. म्हणजे पिस्तूल रिकामं करण्यासाठी, सुरक्षित करण्यासाठी, आधी सेफ्टी काढावी लागे. त्याने ती काढली, पिस्तूल उडालं, गोळी मुलाच्या हनुवटीत लागली. मुलाचं मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं.

खटल्यात फिर्यादी पक्षाने मांडलं की आधीच्या रचनेत सेफ्टी लावूनही स्लाइड हलत असे, पण तसं करताना पिस्तूल अडकायचं. ते अडकणं दिसू नये म्हणून रचना बदलली गेली. हा मुद्दा मला आजही अस्वस्थ करतो. भरवशातला दोष झाकण्यासाठी सुरक्षेची तडजोड केली, असा तो आरोप होता. २००३ मध्ये ओकलंडच्या ज्यूरीने कंपनी, तिचे चालक आणि वितरक यांना मोठ्या हिश्श्याने जबाबदार धरलं आणि कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवली. कंपनीने लगेच दिवाळखोरी जाहीर केली.

२००४ मध्ये मालमत्तेचा लिलाव झाला तेव्हा तोवर मोठा झालेल्या त्या मुलाच्या बाजूने बोली लागली. उरलेली पिस्तुलं विकत घेऊन वितळवून टाकायची होती. पण कंपनीच्याच माजी फोरमनने ५ लाख १० हजार डॉलरला लिलाव जिंकला आणि पुढे जिमेनेझ आर्म्स या नावाने उत्पादन चालू ठेवलं.

तुमच्या हातात ब्रायको किंवा त्या घराण्यातलं पिस्तूल आलं तर पहिली तपासणी हीच: रिकामं करायला सेफ्टी काढावी लागते का? लागत असेल तर नळी सतत सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, आधी मॅगझिन बाहेर, आणि खोलीत दुसरं कोणीही नको. मूल तर नकोच नको.

वारशात रेव्हन किंवा जेनिंग्ज मिळालं आहे. वापरू का?

संग्रहात ठेवा, वापरात नको. ठेवायचं तर रिकामं आणि कुलपात. वापरायचाच हट्ट असेल तर आधी जाणकार गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) पिन, ट्रिगरची कड आणि स्प्रिंग तपासून घ्या, आणि चेंबरमध्ये काडतूस ठेवून बाळगू नका. रिकामं पिस्तूल ‘खट्‌ खट्‌’ करून बघू नका. .२२ मध्ये पिन चेंबरच्या काठावर आपटून खळगा पाडते, मग टरफल चिकटायला लागतं. नको असेल तर स्थानिक पोलिसांना आधी फोन करून जमा करता येतं. पिशवीत घालून थेट ठाण्यात जाऊ नका.

मग आज कमी पैशात बरं काय आहे?

१९९९ पासून चित्र पालटलं. फ्लोरिडाच्या केल-टेकने पी-३२ आणलं: प्लास्टिकची फ्रेम, पोलादी स्लाइड, भरलेलं नसताना वजन दोनशे ग्रॅमच्या आत, आणि ब्लोबॅकऐवजी कुलूपबंद नळी. त्यामुळे स्लाइड हलकी ठेवता आली आणि ओढायलाही सोपी झाली. रुगर एलसीपी त्याच वाटेने पुढे गेलं. जुन्या झामॅकवाल्यांपेक्षा किंमत थोडी जास्त, पण फरक जमीन-अस्मानाचा. माझी पसंती अशा कुलूपबंद .३२ किंवा .३८० ला.

.२२ च हवं असेल तर बेरेटा २१ए बॉबकॅट. स्वस्त म्हणता येणार नाही, पण त्याच्या नळीचं मागचं टोक वर उचललं जातं आणि काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवता येतं. हातात जोर नसलेल्या आजी-आजोबांना स्लाइड ओढावी लागत नाही. उणीव अशी की त्यात टरफल ओढून काढणारा आकडाच नाही, गॅसच्या दाबाने ते बाहेर पडतं. काडतूस फुसकं निघालं तर नळी उघडूनच काढावं लागतं.

रिव्हॉल्व्हर घेतलं तर कटकट मिटेल?

अडकण्याची बरीचशी मिटते. फुसकं निघालं तरी ट्रिगर पुन्हा दाबला की पुढचं काडतूस समोर येतं. ३० मार्च १९८१ ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर हल्ला झाला तो रोह्म आरजी-१४ या .२२ च्या अगदी स्वस्त रिव्हॉल्व्हरने. दोन सेकंदांच्या आत सहाच्या सहा गोळ्या उडाल्या. चार माणसं जखमी झाली.

छोटी गोळी म्हणजे कमी घातक ना?

नाही. वरचं उदाहरण आहेच. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेल्या गोळ्या बेरेटा एम १९३४ मधल्या होत्या, म्हणजे .३८० च. ‘लहानच तर आहे’ म्हणून ड्रॉवरमध्ये मोकळं ठेवणं ही मी पाहिलेली सगळ्यात धोकादायक सवय आहे.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर?

नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबा. काही काडतुसं उशिरा पेटतात. मग मॅगझिन काढा, नंतर काडतूस. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा, गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फाटते.

एच-१बी वर आहे. विकत घेता येईल?

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेण्यालाही हे लागू होऊ शकतं, आणि उल्लंघन झालं तर गुन्हा आणि व्हिसा दोन्ही अंगाशी येतात. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, पण राज्याचे नियम वेगळे. वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

भारतात असं काही मिळतं का?

परवानाधारकाला सरकारी कारखान्यांची .३२ ची शस्त्रं मिळतात, पण ‘स्वस्त’ हा शब्द इथे लागू नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेल्या ‘निर्भीक’ या .३२ च्या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. बातम्यांतला गावठी कट्टा या चर्चेत बसतच नाही. त्याची नळी कुठल्याही दाबचाचणीतून गेलेली नसते आणि तो जवळ बाळगणं हाच शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

सुट्टीवर पुण्या-मुंबईला येताना काय काळजी घ्यावी?

रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. तळाशी, अस्तराच्या फटीत राहिलेलं .२२ चं एखादं काडतूस विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसतं आणि भारतात त्यावरून शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते नकळत राहिलं होतं हे पुढे न्यायालयात मांडता येतं, पण तोवर विमान, सुट्टी आणि मनःशांती सगळंच जातं. रेंजची बॅग वेगळी ठेवा, आणि ती भारतात येणाऱ्या सामानात कधीच नको.